कन्व्हेन्शन सेंटर झाले तर कोकणातल्या पर्यटनाला काय मिळेल?

तारकर्लीजवळ न्याहरी-निवास चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोठे कन्व्हेन्शन सेंटर, म्हणजे परिषदा-अधिवेशनांसाठीचे संकुल, व्हावे अशी मागणी जोर धरते आहे. ते झाले तर पर्यटन खरोखर वाढेल का, चार खोल्या चालवणाऱ्यांपर्यंत त्यातले काय पोचेल, आणि त्या भरवशावर आणखी चार खोल्यांसाठी कर्ज काढावे का?

ताई, परिषदा आणि अधिवेशनांची व्यवस्था लावणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे. गोव्यात, पुण्यात आणि आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातही ते केले आहे. आधी थेट उत्तर देतो. फायदा होतो, आणि नीट आखले तर तो भरघोस होतो. पण तो हॉलच्या भाड्यातून येत नाही. एरवी रिकाम्या राहणाऱ्या दिवसांत खोल्या भरल्या, तर त्यातून येतो. म्हणून हॉल केवढा बांधायचा हे आत किती खुर्च्या मावतील यावर ठरवायचे नसते. अर्ध्या तासाच्या अंतरात बऱ्यापैकी सारख्या दर्जाच्या खाटा किती आहेत, यावर ते ठरवायचे. आपल्याकडे मात्र चर्चा सुरू होते ती थेट पाच हजार खुर्च्यांपासून.

आपले वर्ष कसे जाते ते तुम्हाला मी सांगायला नको. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते 31 डिसेंबर, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि मे महिना. या दिवसांत माणसांना परत पाठवावे लागते. मेअखेरीला सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि स्कूबा बंद झाले की ऑगस्ट संपेपर्यंत समुद्रावरचा धंदा थांबतो. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत हवा उत्तम असते, पण सोमवार ते गुरुवार खोल्या कुलूपबंद. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्याला पाव शतक उलटून गेले. या काळात खोल्या वाढल्या, सीझनची गर्दी वाढली, पण सीझनची लांबी फारशी वाढली नाही. ज्याने चार खोल्यांसाठी कर्ज काढले, तो बारा महिने हप्ता भरतो आणि जेमतेम तीन-चार महिने कमावतो. कोकणातल्या पर्यटनाचे खरे दुखणे हे आहे.

परिषदेला येणारा माणूस वेगळ्या कॅलेंडरने चालतो. त्याला मुलांच्या शाळेची सुट्टी बघायची नसते, संघटना तारीख देईल तेव्हा तो येतो. डॉक्टरांची राज्य परिषद, सहकारी पतसंस्थांचे अधिवेशन, मुख्याध्यापकांचे संमेलन, विमा कंपन्यांच्या एजंटांचा मेळावा हे बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत किंवा पावसाळ्याच्या शेवटी होतात. कंपन्यांची प्रशिक्षणे तर आठवड्याच्या मधल्या दिवसांतच असतात. हीच माणसे तुमच्या रिकाम्या मंगळवार-बुधवारी आली तर ते नवे उत्पन्न आहे. ती मे महिन्यात आली तर फायदा शून्य. कारण त्या खोल्या तशाही भरणार होत्या, आणि दरवर्षी येणारे तुमचे कुटुंब मात्र दुसरीकडे गेले. एखादा प्रकल्प अहवाल ‘वर्षाला इतके लाख पर्यटक येतील’ म्हणत असेल, तर पहिला प्रश्न हा विचारा, की यातले एरवी आलेच नसते असे किती? स्थानिक लग्ने, वाढदिवस, पक्षांचे मेळावे यांनी हॉल भरेल, पण त्यात जिल्ह्याबाहेरून आलेला पैसा नाही. कालपर्यंत जो पैसा गावातल्या मंगल कार्यालयात जात होता तोच इकडे आला, एवढेच.

आता थोडा हिशेब मांडू. आकडे अंदाजाचे आहेत, पण व्यवहाराला धरून आहेत. समजा दोन दिवसांची 500 जणांची परिषद आहे आणि त्यातले 400 जिल्ह्याबाहेरचे. एका खोलीत दोघे धरले तर 200 खोल्या, दोन रात्री, 2500 रुपये दराने 10 लाख. जेवण-नाश्ता-चहा मिळून माणशी रोज 1200 रुपये धरा, पाचशे जणांचे दोन दिवसांचे झाले 12 लाख. गाड्या, किल्ल्याची होडी, काजू-कोकम-खाजा-मालवणी मसाल्याची खरेदी बाहेरच्या चारशे जणांची माणशी 1500 रुपये म्हटली तर 6 लाख. आणि शंभर जणांनी कुटुंबाला सोबत आणून एक रात्र जास्त काढली, तर खोली आणि फिरणे-खाणे मिळून आणखी साडेचार लाख. म्हणजे साडेबत्तीस लाख रुपये हॉलच्या बाहेर खर्च झाले. हॉलला दोन दिवसांचे भाडे मिळाले फार तर 3 लाख. अशा 25 परिषदा वर्षात झाल्या तर भाडे 75 लाख आणि बाहेरचा खर्च 8 कोटींच्या वर.

या दोन आकड्यांमधले अंतर नीट बघा. 75 लाखांत वीजबिल, सुरक्षा, सफाई, एसीची देखभाल आणि पगारच जेमतेम भागतील. इमारतीला लागलेले कोट्यवधी रुपये भाड्यातून कधीच परत येणार नाहीत, आणि जगभर बहुतेक ठिकाणी हीच स्थिती आहे. सरकारने रस्ता बांधला तर त्याच्या नफ्या-तोट्याचा हिशेब आपण गावाच्या व्यवहारात बघतो, तसाच हाही बघावा लागतो. म्हणूनच ‘सेंटर स्वतःच्या पायावर उभे राहील’ असे कोणी सांगितले तर मला काळजी वाटते. भाड्यातून कर्ज फेडायची सक्ती झाली की चालवणारा लग्नाच्या तारखाच आधी विकणार. मग फेब्रुवारीत परिषदेला तारीख मागायला गेलात तर मुहूर्त असल्यामुळे हॉल आधीच गेलेला असतो.

आणि ते साडेबत्तीस लाखही सगळे इथे राहत नाहीत. एका परिषदेच्या वेळी मी पहाटे हॉलच्या मागच्या बाजूला उभा होतो. केटरर बाहेरचा होता. बेळगावहून आंबोली घाटाने टेम्पो उतरला होता, त्यातून फ्लॉवर, सिमला मिरची, पनीर, ब्रॉयलर कोंबड्या आणि कोथिंबिरीच्या जुड्यासुद्धा उतरत होत्या. दूध कोल्हापूरचे. वाढपी त्यांचे स्वतःचे, बरोबर आणलेले. आपल्या जिल्ह्याचे म्हणाल तर गॅस सिलिंडर, पाण्याचा टँकर, सोलकढीचे नारळ आणि थोडी सुरमई. सकाळी एका कोपऱ्यात बचत गटाच्या चौघी बिडाच्या तव्यांवर घावणे घालत होत्या, बाजूला नारळाचा गूळ घातलेला रस आणि काळ्या वाटाण्याची उसळ. मुख्य बुफेवर इडल्या गार होत होत्या आणि या टेबलापुढे रांग लागली होती. पुण्याहून आलेल्या लोकांनी दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणालाही तेच मागितले. पीठ, नारळ, गूळ, वाटाणे, मजुरी यांतला जवळपास सगळा पैसा गावात राहिला. पण त्या बायकांच्या हातात तो पडला दीड महिन्याने, कारण आयोजकांकडे उधारीची तशीच पद्धत होती. दीड महिना थांबायची ऐपत मोठ्या केटररची असते, बचत गटाची नसते.

म्हणून माझा आग्रह असतो, की सेंटरच्या करारातच दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. तिथे काम करणाऱ्या केटररने तांदूळ, मासळी, नारळ, कोकम, काजू आणि एक स्थानिक पंगत किंवा काउंटर जिल्ह्यातूनच घ्यावे. आणि छोट्या पुरवठादारांचे पैसे आठवड्यात द्यावेत. कायद्याचा आधारही आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे थकवता येत नाहीत. पण बचत गटाकडे ती नोंदणी असली तरच त्याचा उपयोग. ती फुकट होते, आधी करून ठेवा. मासळीबद्दल मात्र एक लक्षात ठेवा. 1 जूनपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या काळातल्या परिषदेला कोणी सुरमईची थाळी कबूल केली, तर ती बर्फातली बाहेरची येणार. पावसाळ्यात सुक्या मासळीचे, टाकळ्या-कुर्डूच्या रानभाज्यांचे, फणसाच्या आठळ्यांचे जेवण ठेवले तर शहरी माणूस ते जास्त आवडीने खातो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता येणार कोण, याचा विचार करू. दिल्लीत भारत मंडपम 2023 मध्ये उघडले, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर आहे. त्यांचे फोटो दाखवून आपल्याकडे प्रस्ताव मांडले जातात. त्या शहरांत हजारो हॉटेल खोल्या आधीपासून होत्या. हैदराबादचे कन्व्हेन्शन सेंटर 2006 पासून चालते आहे, तिथे हॉलला लागूनच मोठे हॉटेल आहे. ही आपली स्पर्धा नव्हे. आपली खरी स्पर्धा गोव्याशी आहे. उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावर जानेवारी 2023 पासून विमाने उतरू लागली, आणि बांदा-सावंतवाडी तिथून जवळ आहे ही जमेची बाजू. पण मोपाला उतरलेल्या माणसाला गोव्यात मोठी हॉटेले आणि रात्रीची वर्दळ मिळते. मोठ्या औषध कंपनीचा डीलर मेळावा आपण गोव्याकडून ओढून आणू शकणार नाही आणि त्यामागे धावूही नये.

आपले गिऱ्हाईक महाराष्ट्राच्या आतले आहे. तीनशे ते सहाशे माणसांच्या राज्यस्तरीय संघटना, ज्यांचे सभासद वर्गणी भरून येतात, ज्यांना पंचतारांकित खोली परवडत नाही, आणि जे बायको-मुलांना घेऊन येतात. नगरचा किंवा लातूरचा शिक्षक परिषदेच्या निमित्ताने समुद्र बघायला कुटुंब आणतो, जाता जाता गणपतीपुळे, पावस किंवा कुणकेश्वर करतो. पर्यटनाला खरी चालना या माणसाकडून मिळते, कारण त्याचा मुक्काम लांबतो आणि तो तीन गावांत पैसा सोडतो. दुसरे गिऱ्हाईक विषयाचे. आंबा, काजू, मत्स्यव्यवसाय, किनाऱ्याचे पर्यावरण, दुर्ग, कातळशिल्पे. दापोलीचे कृषी विद्यापीठ 1972 पासून आहे, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या काजूच्या जाती देशभर लावल्या जातात. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे 12 किल्ले आले, त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे आपले जलदुर्ग आहेत. दुर्गांच्या अभ्यासकांची परिषद मालवणात न होता दुसऱ्या शहरात व्हावी, ही मला मनापासून खटकणारी गोष्ट आहे.

एकदाच होणाऱ्या भव्य सोहळ्यापेक्षा दरवर्षी त्याच आठवड्यात परत येणारा मध्यम कार्यक्रम कितीतरी मोलाचा असतो. गोव्याला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 2004 पासून कायमचा मिळाला, आणि नोव्हेंबरचे ते दिवस तिथल्या हॉटेलवाल्यांच्या वहीत आधीच लिहिलेले असतात. आपल्याला काजू-कोकम खरेदीदारांचा एक वार्षिक मेळावा फेब्रुवारीत, एक वैद्यकीय परिषद जानेवारीत आणि एखादे सागरी विज्ञानाचे अधिवेशन सप्टेंबरअखेर एवढे जरी पक्के करता आले, तरी त्याभोवती बाकीचे जमत जाते. मोठ्या सोहळ्याला इमारत लागतेच असे नाही. 2013 चे अखिल भारतीय साहित्य संमेलन चिपळूणला मंडपातच झाले. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या गर्दीसाठी मैदान, पाणी, वीज आणि स्वच्छतागृहे यांची सोय ठेवावी. इमारत रोजच्या कामापुरती बांधावी, म्हणजे सहाशे जणांचा एक हॉल, मध्ये सरकती भिंत, आणि पन्नास-साठ जणांच्या चार-पाच खोल्या. शंभर जणांच्या प्रशिक्षणालाही ती भाड्याने देता येते.

माणसे पोचणार कशी, हा भाग प्रस्तावांत नेहमी दोन ओळींत उरकलेला असतो. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2021 मध्ये झाले, पण तिथली सेवा सलग टिकलेली नाही. परिषदेची तारीख आठ-दहा महिने आधी ठरते, आणि तेव्हा विमान असेल की नाही हे सांगता येत नसेल तर आयोजक दुसरे गाव बघतो. म्हणून आजच्या घडीला भरवशाची आहे ती कोकण रेल्वे. वंदे भारत जून 2023 पासून रत्नागिरी आणि कणकवलीला थांबते, पण पावसाळी वेळापत्रकात तिच्या फेऱ्या कमी होतात आणि सगळ्याच गाड्यांचा वेग उतरतो. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे, त्यावर मी जास्त लिहीत नाही. या सगळ्याचा अर्थ मी असा लावतो, की सेंटर किनाऱ्यावर नको. रेल्वे स्टेशन आणि महामार्ग यांच्या मधे, कुडाळ-कणकवलीच्या पट्ट्यात किंवा रत्नागिरी शहराच्या कडेला हवे. समुद्र बघायला माणूस संध्याकाळी तुमच्याकडे येईलच.

किनाऱ्यापासून दूर ठेवायला आणखी एक कारण आहे. खारे वारे एसीच्या बाहेरच्या युनिटच्या जाळ्या आणि छपराचे पत्रे दोन-चार पावसाळ्यांत खातात, आणि देखभालीचा खर्च आतल्या गावांपेक्षा कितीतरी जास्त येतो. शिवाय सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे, नियम आणि मालवणचे सागरी अभयारण्य आहेच.

मग सगळ्यांची नजर सड्याकडे, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठाराकडे जाते. मोकळा, सपाट, एकहाती मिळणारा सडा. कागदावर पडीक जमीन. इथे मी हात जोडून सांगतो, सडा रिकामा नसतो. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी इथली कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. ती अशाच जांभ्या दगडाच्या सड्यांवर आहेत आणि अजून कितीतरी मातीखाली, गवताखाली असतील. पावसाचे पाणी सड्यावर मुरते तेव्हा खालच्या वाडीचे झरे आणि विहिरी जगतात. पार्किंगसाठी दहा एकर सडा काँक्रीटने झाकला, तर मे महिन्यात खालच्या वाडीला टँकर सुरू होईल. जागा ठरण्याआधी पुरातत्त्वाचे आणि पाण्याचे सर्वेक्षण झालेच पाहिजे. ज्या गोष्टी दाखवायला आपण पाहुण्यांना बोलावणार त्याच बुलडोझरखाली गेल्या, तर या खटाटोपाला अर्थ राहत नाही.

जून 2020 चे निसर्ग आणि मे 2021 चे तौक्ते ही दोन्ही वादळे आपण सोसली. तौक्तेनंतर मालवणात वीज यायला किती दिवस लागले ते तुम्ही स्वतः अनुभवले असेल. मजबूत छप्पर, स्वतःचा जनरेटर, मोठे स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहे असलेली इमारत अशा वेळी निवारा होऊ शकते. आराखड्यातच तशी तरतूद केली तर खर्च थोडाच वाढतो, आणि सरकारी पैसा घालायला ते भाड्याच्या आकड्यांपेक्षा सबळ कारण आहे. हा मुद्दा प्रस्तावांत कुठेच दिसत नाही, तो ग्रामसभेत मांडा.

आता तुमच्या चार खोल्यांकडे येतो. परिषद आयोजक चार खोल्यांच्या घरमालकाशी बोलत नाही, त्याला एका फोनवर साठ खोल्या, एक दर आणि ऑडिटला चालेल असे पक्के बिल हवे असते. तारकर्ली-देवबागला खोल्या पुष्कळ आहेत, पण तीन इथे, पाच तिथे. म्हणून पंधरा-वीस घरांनी मिळून एक सहकारी संस्था किंवा कंपनी काढावी. आरक्षण तिच्या नावाने, बिल तिचे, दर एक, आणि दर्जाची किमान यादी सगळ्यांनी पाळलेली: कमोडचे स्वच्छ बाथरूम, गरम पाणी, चालणारे वायफाय, बॅकअपची वीज, सकाळी साडेसातला तयार नाश्ता. साडेसात म्हणजे साडेसात. देवबागच्या रस्त्यावर मोठी बस वळत नाही, छोट्या गाड्या वाडीवाडीतून माणसे उचलत जातात. एका घरी नाश्त्याला अर्धा तास उशीर झाला की अख्खी गाडी अडकते आणि पहिल्या सत्राला खुर्च्या रिकाम्या राहतात. आयोजक पुढच्या वर्षी तो भाग यादीतून काढतो. तारखा घेताना शिमगा आणि गणपती सोडून द्या. त्या दिवसांत गाड्या चाकरमान्यांनी भरलेल्या असतात आणि कामाला माणूस मिळत नाही, तुमच्या घरातलाही.

ही संस्था सेंटर होण्याची वाट न बघता आजच सुरू होऊ शकते. कुडाळ-मालवणच्या नाट्यगृहांत, महाविद्यालयांच्या सभागृहांत दीडशे-दोनशे जणांची शिबिरे आताही घेता येतात. दोन वर्षे तशी करून बघा. रिकाम्या मंगळवारी किती खोल्या भरल्या, किती पैसे वेळेवर आले, किती माणसे नंतर कुटुंबासह परत आली याची वही ठेवा. सेंटरचा आकार ठरवताना सल्लागाराच्या अंदाजापेक्षा ही वही कामाला येईल, आणि ती घेऊन जिल्हा नियोजनाच्या बैठकीत गेलात तर तुमचे म्हणणे ऐकावे लागेल.

कर्जाचे म्हणाल तर नव्या खोल्यांसाठी आत्ता काढू नका. भूमिपूजन म्हणजे सेंटर झाले असे नव्हे, आणि सेंटर झाले म्हणजे आरक्षणे आली असेही नव्हे. इमारत उघडल्यावर कामाची घडी बसायला दोन-तीन वर्षे सहज जातात. आहेत त्या चार खोल्यांच्या बाथरूमसाठी, इन्व्हर्टरसाठी लागेल तेवढी छोटी रक्कम घ्या, ती सीझनच्या पाहुण्यांकडूनही वसूल होते. नव्या खोल्यांचा विचार संस्थेच्या वहीत सलग दोन वर्षे जानेवारी ते मार्चचे मधले दिवस निम्म्याहून जास्त भरलेले दिसले की करा. तोवर बँकेला नाही म्हणा.